‘थायरॉइडची गोळी’ म्हणजे कोणती, एवढं विचारा : फॅमिली डॉक्टर आणि औषध दुकानदारांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातले सर्व फॅमिली डॉक्टर आणि औषध दुकानदार यांस,

सप्रेम नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. डीएमएलटी करून या कामाला लागले त्याला २२ वर्षं झाली. सकाळी सातला शटर उघडायचं, उपाशीपोटी आलेल्या शुगरच्या पेशंटांचं रक्त आधी घ्यायचं, मग तुमच्या चिठ्ठ्या घेऊन आलेले बाकीचे. इतकी वर्षं तुमच्या चिठ्ठ्या वाचल्या, आज पहिल्यांदा मी तुम्हाला चिठ्ठी लिहिते आहे.

मागणं लहान आहे. ताप आणि घसादुखी घेऊन आलेला माणूस “थायरॉइडची गोळी चालू आहे” असं म्हणाला, तर कोणती ते विचारा. पाकीट किंवा बाटली बघायला मागा. त्यावर बारीक अक्षरात कार्बिमाझोल, मेथिमाझोल किंवा प्रोपिलथायोयुरासिल असं लिहिलेलं असेल तर ती गोळी तिथल्या तिथे थांबवा आणि त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, करायला पाठवा. डिफरन्शियल काउंटसकट, म्हणजे पांढऱ्या पेशींतले प्रकार किती टक्के तेही. दोन दिवस औषध घेऊन बघू, असं या एका पेशंटच्या बाबतीत म्हणू नका.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझ्या घरात घडलं म्हणून कळलं.

माझी वहिनी ३६ वर्षांची. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तिचं वजन उतरायला लागलं. दोन महिन्यांत आठ किलो. ब्लाउज ढिले झाले, छातीत धडधड, भाकरी थापताना हात थरथरायचे, पंख्याखाली बसून घाम. घरात सगळे म्हणाले, शेतातलं काम आणि ऊन, दुसरं काय. तिचं टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, मीच केलं. ०.०१ पेक्षाही कमी आलं, टी-३ आणि टी-४ हे थायरॉइडचे हार्मोन वर गेलेले. ग्रंथी जास्त काम करते तेव्हा असं दिसतं. जिल्ह्याच्या गावी स्पेशालिस्टना दाखवलं, त्यांनी ग्रेव्ह्ज डिसीज सांगितला : शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती थायरॉइड ग्रंथीला अहोरात्र कामाला जुंपते आणि ग्रंथी गरजेपेक्षा कितीतरी जास्त हार्मोन ओतत राहते. कार्बिमाझोल १० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा आणि धडधडीसाठी प्रोप्रानोलॉल सुरू झालं. औषध योग्य होतं, डोसही योग्य होता. महिन्याभरात वहिनी परत आधीच्या वहिनीसारखी दिसायला लागली. आम्ही सगळे निर्धास्त झालो.

सहावा आठवडा गौरी-गणपतीत आला. गौरी जेवल्या त्या रात्री वहिनीला ताप भरला. सकाळी घसा दुखायला लागला. पावसाळ्याचे दिवस, गावात घरटी एक माणूस शिंकत-खोकत होतं, त्यामुळे कुणालाच नवल वाटलं नाही. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे दादा तिला घेऊन गेला. डॉक्टर चांगले आहेत, माझ्या आईचं शेवटचं आजारपण त्यांनी रात्री-अपरात्री घरी येऊन काढलं आहे. त्यांनी विचारलं, “कसली औषधं चालू आहेत?” वहिनी म्हणाली, “थायरॉइडची गोळी.” ते म्हणाले, “ती चालू ठेवा.” ॲझिथ्रोमायसिन, पॅरासिटामॉल आणि मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या.

तिसऱ्या दिवशीही ताप उतरेना म्हणून दादा औषधाच्या दुकानातून आणखी एक अँटिबायोटिक घेऊन आला, “जरा स्ट्राँग द्या” म्हणून. चौथ्या दिवशी तोंडात फोड आले. थुंकी गिळता येईना. थंडी वाजून १०३ ताप. त्या चार दिवसांत वहिनीनं कार्बिमाझोलच्या बारा गोळ्या घेतल्या, घसा चिरत असताना, पाण्याच्या एकेका घोटाबरोबर. डॉक्टरांनी चालू ठेवायला सांगितली होती म्हणून. ती औषधाची वेळ कधी चुकवत नाही.

पाचव्या दिवशी सकाळी लॅबला जाताना मी तिच्याकडे डोकावले, तिचा चेहरा बघून पिशवीतली जांभळ्या झाकणाची नळी काढली आणि रक्त घेतलं. चिठ्ठी नव्हती, कुणी सांगितलं नव्हतं. मशीननं पांढऱ्या पेशी दाखवल्या १,२००. एवढ्या तापात दहा-बारा हजार असायला हव्यात. नळीत गुठळी असेल म्हणून दुसऱ्यांदा लावलं, तेवढाच आकडा. मग स्लाइड केली, लीशमन स्टेन केला आणि मायक्रोस्कोपला बसले. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ज्यांना आम्ही लॅबमध्ये पॉलीज म्हणतो, त्या एरवी शोधाव्या लागत नाहीत. पांढऱ्या पेशींत निम्म्याहून अधिक त्याच असतात. त्या सकाळी मी एकामागून एक फील्ड सरकवत राहिले. लिम्फोसाइट, लिम्फोसाइट, मोनोसाइट, परत लिम्फोसाइट. शंभर पेशी मोजायला पाऊण तास लागला, इतक्या त्या विरळ होत्या. शंभरात पॉलीज तीन.

हिशेब सोपा आहे. एकूण १,२००, त्याचे तीन टक्के, म्हणजे ३६. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये न्यूट्रोफिल साधारण दोन ते सात हजार असतात. ५०० च्या खाली गेल्या की जीवाला धोका. वहिनीच्या होत्या ३६.

आमच्या पॅथॉलॉजिस्ट सरांनी स्लाइड बघितली आणि खुर्चीत न बसता उभ्यानंच स्पेशालिस्टना फोन लावला. पलीकडून पहिलं वाक्य आलं ते असं : “कार्बिमाझोल आत्ताच्या आत्ता बंद करा आणि ॲडमिट करा.” नुसत्या आकड्यावरून त्यांना सगळं कळलं. गोळीच्या दुष्परिणामानं न्यूट्रोफिल अशा जवळजवळ संपून जातात, त्याला ॲग्रॅन्युलोसायटोसिस म्हणतात. वेगळी खोली, शिरेतून अँटिबायोटिक, पांढऱ्या पेशी वाढाव्यात म्हणून रोज त्वचेखाली फिलग्रास्टिमचं इंजेक्शन. मी रोज तिथल्या लॅबमध्ये जाऊन स्लाइड बघायची परवानगी मागितली आणि त्या मंडळींनी ती दिली. सहा दिवस काही हललं नाही. सातव्या दिवशी मोनोसाइट वाढलेले दिसले आणि मला रडू आलं, कारण रक्तपेशी बनवणारी हाडांतली मज्जा जागी होते तेव्हा आधी मोनोसाइट येतात, हे मला माहीत होतं. नवव्या दिवशी न्यूट्रोफिल ९००, अकराव्या दिवशी २,४००. बाराव्या दिवशी ती घरी आली. बिल भरायला दादानं सोसायटीतून कर्ज काढलं, ते अजून फिटतं आहे.

आता तुमच्याशी जे बोलायचं आहे ते.

हा दुष्परिणाम दुर्मिळ आहे, हे मला मान्य आहे. या गोळ्या घेणाऱ्या हजार माणसांत दोन ते पाच जणांना तो होतो. तुमच्यातल्या कितीतरी जणांना आख्ख्या प्रॅक्टिसमध्ये असा एकही पेशंट दिसणार नाही. पण तो दुर्मिळ असला तरी अचानक, कुठूनही येणारा नाही. त्याची वेळ बरीचशी ठरलेली असते आणि तोंडवळाही ठरलेला असतो. बहुतेक वेळा गोळी सुरू केल्यापासून पहिल्या तीन महिन्यांत. बहुतेक वेळा ताप आणि घसा. डोस मोठा असेल तर धोका जास्त, पण लहान डोसवरही होतो. आणि ज्यानं ही गोळी पूर्वी वर्षभर काही त्रास न होता घेतली, मग बंद केली, आणि आजार उलटल्यावर पुन्हा सुरू केली, त्यालाही होऊ शकतो. ग्रेव्ह्जमध्ये गोळ्यांचा कोर्स संपल्यावर निम्म्या लोकांना तरी आजार उलटतो. म्हणजे “मला ही गोळी सोसते, मी आधी घेतली आहे” या वाक्यावर विसंबता येत नाही. तीन महिन्यांचं घड्याळ नव्यानं सुरू झालं असं धरायचं.

घसाच का, हे मी सरांना विचारलं होतं. आपलं तोंड आणि घसा जंतूंनी कायम भरलेला असतो आणि न्यूट्रोफिल तिथे रात्रंदिवस पहाऱ्यावर असतात. मज्जेत रोज साधारण १०० अब्ज न्यूट्रोफिल तयार होतात, कारण रक्तात आल्यावर त्यांचं आयुष्य एका दिवसाच्या आसपास असतं. लाल पेशी चार महिने टिकते, तिचा कारखाना आठवडाभर बंद पडला तरी लगेच कळत नाही. न्यूट्रोफिलचा कारखाना बंद पडला की दोन-चार दिवसांत साठा संपतो. या औषधामुळे काही जणांच्या शरीरात न्यूट्रोफिलच्या आणि त्या घडवणाऱ्या पेशींच्या विरुद्धच प्रतिक्रिया उभी राहते. पहारा उठतो आणि जिथे जंतू सगळ्यात दाट, तिथे आधी आग लागते.

आणखी एक गोष्ट तुम्ही टॉर्च लावून घसा बघता तेव्हाची. पू हा मेलेल्या न्यूट्रोफिलचाच असतो. न्यूट्रोफिलच नसतील तर पू होत नाही. त्यामुळे टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसणार नाहीत, घसा नुसता लाल किंवा खरवडल्यासारखा दिसेल. “पू नाही, व्हायरल आहे” असं वाटण्याची शक्यता इथे सगळ्यात जास्त आहे. वहिनीच्या घशात पू नव्हता.

तुमच्याकडे दिवसाला पन्नास घसे येतात, प्रत्येकाला सीबीसी कुठे सांगणार, असं तुम्ही म्हणाल. पन्नासातल्या एकोणपन्नासांबद्दल मी काहीच म्हणत नाही. पन्नासावा, जो कार्बिमाझोलवर आहे, तो महिन्यातून कदाचित एकदा येईल, कदाचित वर्षातून एकदा. त्याला ओळखायला एक प्रश्न पुरतो. आमच्याकडे सीबीसी दोनशे-अडीचशे रुपयांत होते आणि तासाभरात रिपोर्ट मिळतो. सरकारी दवाखान्यांतून महालॅबच्या व्यवस्थेत ती मोफत होते, पण तिथे रिपोर्टला वेळ लागणार असेल तर या पेशंटला तेवढं थांबवू नका.

आणि रिपोर्ट आला की नुसता वरचा एकूण आकडा बघू नका, ही माझी हात जोडून विनंती. एकूण २,४०० असेल तर “थोडं कमी आहे, व्हायरलमध्ये होतं” असं वाटतं. त्यात न्यूट्रोफिल आठ टक्के असतील तर प्रत्यक्षात उरतात १९२. एकूण आकड्याला न्यूट्रोफिलच्या टक्क्यानं गुणायचं, एवढंच. लॅबमधल्या माझ्या भावा-बहिणींनाही सांगते : पांढऱ्या पेशी तीन हजारांच्या खाली दिसल्या तर मशीनच्या थ्री-पार्टवर, म्हणजे पेशी तीनच गटांत वाटणाऱ्या मोजणीवर, सोडू नका, स्लाइड करा, आणि पॉलीज कमी दिसल्या तर रिपोर्ट पेशंटच्या हातात देऊन मोकळे होऊ नका. डॉक्टरांना फोन करा.

काउंट चांगला आला तर ज्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आहे त्यांना विचारून ती परत सुरू करता येते. एक-दोन दिवस गोळी चुकल्यानं थायरॉइडचं फारसं काही बिघडत नाही. पण ताप उतरेना किंवा घसा वाढत गेला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा काउंट बघायला हवा, कारण हा आकडा किती लवकर घसरतो ते मी पाहिलं आहे. आणि या पेशंटच्या घसादुखीला को-ट्रायमोक्साझोल देऊ नका. त्या औषधानंही पांढऱ्या पेशी पडू शकतात.

मुळात घोळ झाला तो एका शब्दामुळे. आपल्याकडे “मला थायरॉइड आहे” म्हटलं की समजायचं, ग्रंथी कमी काम करते. बायका एकमेकींना सांगतात, तुला किती पॉवरची? पन्नासची की शंभरची? ती थायरॉक्सिनची गोळी, सकाळी उठल्या उठल्या उपाशीपोटी घ्यायची, शरीरात जे कमी पडतं ते भरून काढणारी. ती घेणारी माणसं इतकी आहेत की “थायरॉइडची गोळी” हे तिचंच नाव होऊन बसलं आहे. ताप आला तरी ती चालू ठेवायची, हे बरोबरच आहे. आमच्या डॉक्टरांनीही तेच समजून “चालू ठेवा” म्हटलं असणार. कार्बिमाझोल हे तिच्या अगदी उलट औषध. ते ग्रंथीला हार्मोन बनवू देत नाही. दोन्हींना एकच नाव, आणि ताप आला तर एक चालू ठेवायची, दुसरी थांबवायची. खेड्यातली बाई, म्हातारा माणूस, घाईत असलेला कुणीही “थायरॉइडची गोळी” एवढंच म्हणणार. त्यांनी गोळीचं इंग्रजी नाव पाठ करावं ही अपेक्षा मी धरत नाही. विचारायचं तुम्ही.

औषध दुकानदार दादा-ताईंनो, तुमच्याबद्दल मला जास्त आशा आहे, कारण पाकीट तुमच्या हातातून जातं. स्पेशालिस्टकडे पेशंट दोन-तीन महिन्यांतून एकदा जातो, तुमच्याकडे दर महिन्याला येतो. घसा दुखला की पुष्कळदा डॉक्टरांच्याही आधी तुमच्याकडे येतो. काउंटरवर उभा राहून “घशाचं काहीतरी द्या” म्हणणाऱ्याला तुम्ही ओळखता, मागच्या महिन्यात त्याला काय दिलं तेही तुम्हाला आठवतं. कार्बिमाझोलची पहिली बाटली देताना वाक्यभर बोलाल का? आत इंग्रजीत बारीक छापलेला कागद असला तरी तो कोण वाचतं? मी एक मजकूर तयार केला आहे. सरांनी तो तपासला, स्पेशालिस्टनी दुरुस्त केला. आमच्या लॅबच्या खिडकीवर तो लावला आहे आणि त्याच्या चिठ्ठ्या करून गावातल्या तीन दुकानांत ठेवल्या आहेत :

“ही गोळी चालू असताना ताप आला, घसा दुखला किंवा तोंडात फोड आले, तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी रक्ताची सीबीसी तपासणी करा. डॉक्टरांना या गोळीचं नाव सांगा. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, अंगाला फार खाज सुटली किंवा पोटात जोराचं दुखू लागलं, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. दिवस राहिले असतील किंवा राहायला हवे असतील, तर आधी सांगा.”

शेवटच्या ओळींबद्दल दोन शब्द. या गोळ्या लिव्हरलाही त्रास देऊ शकतात. प्रोपिलथायोयुरासिलमध्ये तो धोका जास्त गंभीर. अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे लिव्हरच्या गंभीर इजेच्या ३२ केसेस जमा झाल्या होत्या, त्यांत दहा मुलं होती. काहींचा जीव गेला, काहींना लिव्हर बदलावं लागलं. २००९ साली त्यांनी इशारा दिला आणि २०१० मध्ये त्या औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीतला कडक इशारा छापायला लावला. कार्बिमाझोलनं होणारी कावीळ सहसा पित्त अडल्यासारखी असते, गोळी बंद केली की बहुधा ओसरते. स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका त्याहून विरळा. ब्रिटनच्या औषध नियामकांनी २०१९ मध्ये त्याबद्दल सावध केलं, आणि त्याच वेळी गर्भधारणा टाळण्याबद्दलची सूचनाही कडक केली. कारण गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांत कार्बिमाझोल पोटात गेलं तर बाळात व्यंग राहू शकतं, म्हणून त्या काळात डॉक्टर बहुधा प्रोपिलथायोयुरासिलवर नेतात. आपल्याकडे दिवस राहिल्याचं कळायला दीड-दोन महिने जातात आणि नाजूक आठवडे तेच असतात. नव्यानं लग्न झालेल्या मुलीच्या हातात ही बाटली देताना हे कुणीतरी तिला सांगायला हवं. तिच्या सासूला सांगून भागत नाही.

अंगावर पुरळ, खाज, सांधेदुखी हे त्यामानानं बऱ्याच जणांना होतं आणि त्यातलं बरंचसं साध्या उपायानं निभतं. त्यावर मी जास्त लिहीत नाही.

हे औषध नवं नाही. बोस्टनच्या डॉ. अ‍ॅस्टवुड यांनी या कुळातलं औषध माणसांना देऊन १९४३ साली त्याबद्दल लिहिलं, आणि पांढऱ्या पेशी पडण्याचा धोका तेव्हापासूनच्या वर्षांत ठाऊक आहे. जपानमध्ये ३० वर्षांत अशा ७५४ केसेसची नोंद झाली आणि त्यांतली ३० माणसं दगावली. हा आकडा वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. पण तो आकडा आहे म्हणजे कुणीतरी मोजलं. तिथे गोळी सुरू केल्यावर पहिले दोन महिने दर पंधरा दिवसांनी रक्त तपासायची सूचना औषधाच्या माहितीपत्रकातच आहे. अमेरिकेतल्या थायरॉइड तज्ज्ञांचं म्हणणं वेगळं : काउंट इतका झपाट्यानं पडतो की ठरावीक दिवसांनी तपासून तो हमखास सापडेलच असं नाही, तेव्हा गोळी सुरू करण्यापूर्वी एकदा काउंट आणि लिव्हरची तपासणी करावी, आणि ताप-घसा झाला की लगेच पुन्हा. या दोघांत कोण बरोबर ते ठरवणारी मी कोण? पण ताप-घसा झाला की त्याच दिवशी, यावर कुणाचंच दुमत नाही, आणि वहिनीच्या बाबतीत नेमकं तेच राहिलं. गोळी सुरू करण्यापूर्वीचा काउंटही आमच्याकडे नव्हता. ग्रेव्ह्जमध्ये मुळातच पांढऱ्या पेशी थोड्या कमी असू शकतात, म्हणून आधीचा आकडा हाताशी असला तर नंतर गोंधळ होत नाही.

औषध प्रशासनाच्या अधिकाऱ्यांपर्यंत हे पत्र पोचलं तर त्यांनाही सांगते. ब्रिटनच्या डॉक्टरांच्या औषध-पुस्तिकेत कार्बिमाझोलच्या पानावर घसादुखीचा इशारा वेगळा काढून छापलेला असतो. आपल्याकडे बाटलीवर मराठीत एक चिकटपट्टी लावायला किती खर्च येईल? आणि डॉक्टरहो, असं काही घडलं तर ते कळवा. देशात २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा कार्यक्रम चालू आहे, त्याचं केंद्र गाझियाबादला भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. १८००-१८०-३०२४ हा फुकटचा नंबर आहे. पेशंटही स्वतः कळवू शकतो, त्याच्यासाठीचा फॉर्म मराठीतही आहे. वहिनीचा फॉर्म मी भरला. तो भरताना “आधी कुणाला माहिती दिली होती का” असं काही कुणी विचारलं नाही, पण माझ्या मनात तोच प्रश्न घोळत होता. तिचं टीएसएच मीच केलं होतं. तिची गोळी कोणती ते मला माहीत होतं. या गोळीनं काउंट पडतो, हे मी २२ वर्षांपूर्वी कॉलेजात एका ओळीत वाचलं होतं, आणि चार दिवस ती माझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडे तापानं फणफणत असताना मला ती ओळ आठवली नाही. त्या ओळीचा आणि माझ्या वहिनीचा संबंध मी लावला नाही. तुमच्याकडे बोट दाखवायचा अधिकार मला नाही, हे मी जाणते.

एक भीती मात्र आहे आणि ती बोलून दाखवते. हे वाचून कुणी कार्बिमाझोल स्वतःहून सोडून देईल. तसं होऊ देऊ नका. वाढलेला थायरॉइड तसाच सोडला तर हृदयाचे ठोके बिघडतात, हाडं ठिसूळ होतात, कधीकधी आजार एकदम उसळून माणूस दोन दिवसांत जातो. हजारातल्या ९९५ माणसांच्या बाबतीत ही गोळी त्यांचं भलंच करते. आमच्या खिडकीवरची चिठ्ठी वाचून गेल्या वर्षी एक बाई घाबरून आल्या, मी त्यांना समोर बसवून हेच सांगितलं. त्या गोळी घेतात अजून, आणि तापाच्या दिवशी काय करायचं ते त्यांना माहीत आहे. गेल्या पावसाळ्यात घसा दुखला म्हणून सकाळी सातला माझ्या आधी शटरशी उभ्या होत्या. काउंट ७,८००, पॉलीज ६२ टक्के. साधं सर्दी-पडसं होतं. अडीचशे रुपये गेले, आणि त्या हसत घरी गेल्या.

वहिनीला पुन्हा या कुळातली कोणतीच गोळी देता येणार नव्हती. एकीनं असं झालं तर दुसरीनंही होऊ शकतं. थायरॉइड तर अजून उसळलेलाच होता, काही आठवडे नुसत्या प्रोप्रानोलॉलवर काढले. मग तिला रेडिओ-आयोडीन दिलं. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात बनणारं ते आयोडीन, एकदा प्यायचं, ते थेट ग्रंथीत जाऊन तिला आतून शांत करतं. तेव्हा तिनं आपल्या लहान मुलीला काही दिवस जवळ घेतलं नाही, मुलगी माझ्याकडे होती, आणि रोज संध्याकाळी दारात उभी राहून आईला लांबून हात करायची. चार महिन्यांनी ग्रंथी इतकी शांत झाली की हार्मोन कमी पडायला लागलं. आता वहिनी रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिन घेते. म्हणजे ज्या गोळीला सगळं गाव “थायरॉइडची गोळी” म्हणतं, तीच.

पण ती तसं म्हणत नाही. तिच्या पर्समध्ये लॅमिनेट केलेला एक कागद असतो. एका बाजूला : थायरॉक्सिन, ७५ मायक्रोग्रॅम. दुसऱ्या बाजूला लाल शाईत : कार्बिमाझोल, मेथिमाझोल, प्रोपिलथायोयुरासिल देऊ नये, आणि खाली पेशी ३६ वर गेल्या होत्या त्या दिवसाची तारीख. मागच्या महिन्यात दाढ काढायला गेली तेव्हा दाताच्या डॉक्टरांनी विचारलं, काही औषध चालू आहे का? तिनं तो कागद टेबलावर ठेवला, दोन्ही बाजू दाखवल्या, आणि घरी आल्यावर मला फोन करून म्हणाली, “वन्सं, त्यांनी वाचलं हं. उलटून मागची बाजूपण वाचली.”

आपली नम्र,
तुमच्या चिठ्ठ्या वाचणारी एक लॅब टेक्निशियन